तांबड्या समुद्राकाठचं बारसं

माझ्या आईचा एक कायदा होता, आणि रत्नागिरीहून यान्बूला येताना तो तिने मसाल्याच्या डब्याइतकाच जपून आणला होता. ज्याचं नाव ठाऊक नाही, तो मासा चुलीवर चढवायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायची, आपण कुणाला खातोय हे जेवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. तिच्या माहेरी, खाडीकाठच्या घरात, कोळीण पाटी उतरवायची तेव्हा आधी नाव विचारलं जाई, मग भाव, आणि ओळख पटल्याशिवाय कुणी उंबऱ्याच्या आत येत नसे. बाबा वाईचे. त्यांच्या गावाला समुद्र नाही, नदी आहे, आणि त्या नदीत जे काही पोहतं त्याला सगळे एकमताने मासा म्हणतात. लग्नानंतर बाबा मासे खायला शिकले, नावं शिकायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. ते इस्पितळात एक्स-रे काढायचे. आतले काटे दिसले की मला पुरे, वरच्या कातडीची चौकशी मी करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

यान्बू म्हणजे एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला तांबडा समुद्र आणि मधे तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्यांच्या टोकांवर सतत ज्योती जळत असत आणि आई त्यांना समया म्हणायची. आमचं घर एका लांबलचक, एकसारख्या घरांच्या रांगेत होतं. खिडकीतला एसी दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा, आणि तो थांबला की घरात इतकी शांतता पसरायची की फोडणीतली मोहरी शेजारच्या घरात मोजता यावी. डावीकडे जुबेदाखाला राहायची. ती दाभोळकडची, तिच्या नवऱ्याचा बकाला होता, म्हणजे किराणा दुकान, आणि मुंबईहून बोटीने येणारी गोठवलेली पापलेटं, बांगडे, सुरमई त्या दुकानातून थेट आमच्या फ्रीझरात यायची. उजवीकडे टूटू. टूटू म्हणजे तिच्या भाषेत आजी. तिचा नवरा अमेरिकन इंजिनियर होता, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात, पण ती स्वतः हवाई बेटांवरची, तिथल्या मूळ लोकांतली. रुंद, सावळी, पिकल्या केसांत फूल खोचणारी. सौदीत फुलं कमी, म्हणून बोगनवेल खोचायची. पहिल्या दिवशी आईने तिला पाहिलं आणि मला हळूच म्हणाली की ही बाई मालवणची असणार, सांगत नाही एवढंच.

आणि सुमनआत्या. ती यान्बूत नव्हती, रियाधला होती, एका मोठ्या इस्पितळात नर्स. बाबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, नर्सेसच्या होस्टेलवर राहणारी, सुटीत बसने पार वाळवंट ओलांडून आमच्याकडे येणारी. ती आली की घरातला आवाज दुप्पट व्हायचा. आई तिला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची, आणि दोघी मिळून बाबांची जी टिंगल करायच्या त्यात अहो-जाहो अजिबात नसायचं.

मग लढाई सुरू झाली. तारखा मला आठवत नाहीत आणि त्या पुस्तकांत आहेतच. मला आठवतात त्या खिडक्यांच्या काचांवरच्या चिकटपट्टीच्या फुल्या. त्या टूटूने स्वतः येऊन चिकटवल्या. ती लहान असताना एका रविवारी सकाळी तिच्या बेटावर आकाशातून बॉम्ब पडले होते, त्यामुळे आमच्या सगळ्या रांगेत लढाईचा पूर्वानुभव असलेली ती एकटीच होती, आणि तो अनुभव ती पापडाची कृती सांगावी तशी सांगायची. बाथटब भरून ठेवा. चपला पलंगाखाली. आणि घाबरून उपाशी राहू नका, उपाशी माणूस जास्त घाबरतो. बाबांना इस्पितळातून विषारी वायूपासून बचावाचा एक मुखवटा मिळाला होता. एकच. माणसं तीन. काही दिवस तो मुखवटा कुणी घ्यायचा यावर बाबा आणि आईत अतिशय उदात्त भांडण चाललं, मी नाही तू, तू नाही ती, आणि अखेर आईने तो मिरच्या भाजताना वापरायला काढला. इतकी वर्षं मसाला भाजताना मी खोकून अर्धी झाले, ती म्हणाली, सरकारला आत्ता सुचलं. काळा रबरी चेहरा, त्याला नळी, खाली सुती साडी आणि हातात उलथनं, असं ते ध्यान एकदा दारात आलेल्या टपालवाल्याने पाहिलं. त्यानंतर आमची पत्रं खालाच्या दुकानात येऊ लागली.

क्षेपणास्त्रं आमच्याकडे येत नव्हती. ती रियाधकडे आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडे जात होती. पण बाबांच्या मनाने ठरवलं होतं की आज ना उद्या एखादं वाट चुकणार आणि नेमकं आमच्या मोरीत पडणार. शाळा बंद होत्या, ओळखीची कुटुंबं एकेक करून विमानाने घरी चालली होती. बाबांनी कफीलाच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कचेरीत खेटे घालून आईच्या आणि माझ्या पासपोर्टवर जायचे-यायचे शिक्के मारून घेतले आणि एका शुक्रवारी दुपारी, खाला आणि तिचे यजमान जेवायला असताना, जाहीर केलं की मी आणि आई चिपळूणला मामाकडे जाणार. माझा मामा गणिताचा मास्तर. सकाळी दात घासतानासुद्धा तो पाढे विचारायचा. मला क्षेपणास्त्र परवडलं असतं. मी आईकडे पाहिलं. आई बांगड्याचं तिखलं वाढत होती. वाढता वाढता, वर न बघता ती म्हणाली, ‘या घरात ज्या दिवशी मासा शिजणार नाही, त्या दिवशी मी जाईन.’

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. बाबांनी ते वाक्य दोन साक्षीदारांसमोर झालेल्या करारासारखं लक्षात ठेवलं, आणि त्यांच्या सुदैवाने थोड्याच दिवसांत मुंबईच्या बोटी येईनाशा झाल्या. खालाच्या दुकानातला फ्रीझर रिकामा झाला, मग आमचा. शेवटची सुरमई ज्या दिवशी संपली, त्या दिवशी बाबा जेवणावरून उठताना शीळ घालत होते.

आता कुणी म्हणेल, समुद्राकाठी राहून मासा कसा संपेल. समुद्र भरलेला होता. यान्बूच्या बंदरातला मासळीबाजारही भरलेला होता, पण तिथे होते प्रवाळातले मासे. निळे, पिवळे, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे, ओठ रंगवल्यासारखे, एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाने एकदम समुद्रात उडी मारावी तसे. आईने त्यांना कधी घरात घेतलं नव्हतं. त्यांना अरबी नावं नव्हती असं नव्हे. तिथल्या कोळ्यांकडे उत्तम नावं होती. पण आईपर्यंत ती यायची ती आमच्या येमेनी मासेवाल्याच्या तोंडून, आणि त्या गृहस्थाने एकदा एकाच नावाने तीन निरनिराळे मासे तिला विकले होते. ‘हे काय आहे’ असं तिने हातवारे करून विचारलं की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, ‘समक.’ समक म्हणजे मासा. आई म्हणायची, हा नक्की वाईचा आहे.

बाबा तिकिटांची चौकशी करायला लागले आणि मी टूटूच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. मी चांगलं रडायचे. बसून, उभी राहून, दाराची चौकट धरून, तिन्ही प्रकारे. टूटूने मला पाव दिला आणि डोळे पुसायला भिंतीवरचं फडकं काढू लागली, मग थबकली आणि दुसरं दिलं. ते भिंतीवरचं फडकं मी रोज पाहत असे, पण नीट पाहिलं नव्हतं. भांडी पुसायचं सुती फडकं, चार खिळ्यांवर ताणलेलं, आणि त्यावर छापलेले प्रवाळातले मासे. निळे, पिवळे, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे. आमच्या बाजारातलंच वऱ्हाड. आणि प्रत्येकाच्या पोटाखाली त्याचं नाव.

मी रडणं अर्धवट टाकून नावं विचारायला लागले. टूटूने बोट ठेवून एकेक म्हणून दाखवलं, आणि आजवर मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नव्हतं. त्या भाषेत व्यंजनं काटकसरीने वापरतात आणि स्वरांची मात्र उधळण. पोपटाच्या चोचीचा तो उहू. हनुवटीला मिशा असलेला वेके. कपाळावर शिंग असलेला तो काला. तांबडा, मोठ्या डोळ्यांचा आवेओवेओ, हे नाव म्हणताना तोंड मिटायची गरजच पडत नाही. आणि मग एक चपटा, तिरक्या रेघांचा, चेहऱ्यावर सतत अपमान झाल्याचा भाव असलेला मासा, त्याच्यावर बोट ठेवून टूटूने श्वास घेतला आणि म्हणाली, हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. मी ते एका दुपारात पाठ केलं. आजही दंतवैद्याच्या खुर्चीत बसले की मी मनात तेच म्हणते. रामरक्षेपेक्षा लांब वाटतं आणि भीती तितकीच जाते.

संध्याकाळी मी आईसमोर उभी राहिले आणि हातवाऱ्यांसकट सगळी नावं म्हणून दाखवली. आई ऐकत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला, ही नावं टूटूला कुणी सांगितली. मी म्हटलं, तिच्या आजीने. आईने पदर खोचला. आजीने सांगितलेलं नाव तिच्या लेखी आणखी कुठल्याही शिक्क्याहून मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी काळे अबाये घालून आई, टूटू आणि मी बाजारात गेलो. टूटूला तिथे येऊन काही वर्षं झाली होती, पण ती मासळीबाजारात कधी आली नव्हती, नवराच सोललेल्या तुकड्या आणायचा. बर्फावरच्या पहिल्याच टोपलीसमोर ती थांबली. तिने हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि उहू, ती म्हणाली, अगदी सासरी माहेरचं माणूस भेटावं तशा आवाजात. मग पुढच्या टोपलीशी, वेके. मग काला. काही जरा वेगळे होते, रंग निराळा, पट्टा एखादा कमी, पण नाक तेच, घराणं तेच, असं ती म्हणायची आणि मी आईला मराठीत सांगायचे. येमेनी मासेवाला तोंड उघडं ठेवून बघत होता. आईने प्रत्येकाकडे नीट पाहिलं, मान हलवली, पाहुण्यांची ओळख करून दिल्यावर हलवतात तशी, आणि पिशवी पुढे केली.

त्या रात्री बाबांच्या ताटात उहूचं आंबट होतं. त्यांनी विचारलं, हे काय. मी नाव सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

‘हे नाव हवाईचं आहे,’ बाबा म्हणाले. ‘हा मासा सौदीचा. याचा इकामा, राहायचा परवाना, इथला, मग नाव तिथलं कसं चालेल?’

‘माझापण इकामा इथलाच आहे,’ आई म्हणाली. ‘माझं नाव बदललं का?’

असे आमचे ते दिवस सुरू झाले. बाहेर लढाई, आत हवाई. घरात तिखट-चिंचेचा वास, रेडिओवर बातम्या, आणि आई मुखवट्यातून मला ओरडून सांगतेय की आवेओवेओला हळद लाव. टूटू रोज यायची. ती इंग्रजीत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं. मी भाषांतर करत असे, पण ते बहुधा त्या मला वाईट वाटू नये म्हणून ऐकून घेत. टूटूने सांगितलं की तिच्याकडे मासे धरायला जाताना मासे धरायला चाललो असं कुणी म्हणत नाही, माशांना ऐकू जातं. आई म्हणाली, बरोबर आहे, आमच्याकडेपण निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारत नाहीत. टूटूने सांगितलं की वेकेचं डोकं खाऊ नये, वाईट स्वप्नं पडतात. बाबांनी हे थोतांड सिद्ध करायला त्या दिवशी मुद्दाम दोन डोकी खाल्ली. सकाळी आपण गाढ झोपलो असं त्यांनी सांगितलं, पण चहा पिताना त्यांच्या तोंडून निसटलं की आमची चिपळूणची आजी मुखवटा लावून त्यांच्या छातीवर बसली होती आणि सतराचा पाढा विचारत होती.

एकच प्रसंग जरा बाका आला. हुमुहुमुचं कालवण टूटूच्या मते विचित्रच, कारण तिच्या आजीच्या काळी तो वाळवून चुलीत जळण म्हणून घालत. आईला हे फार आवडलं, दुसऱ्या माशाला शिजवणारा मासा. जुबेदाखालाने ते कालवण दोनदा मागून घेतलं आणि बोटं चाटत मला म्हणाली, ‘काय गो, या लांबड्या नावाचा अर्थ काय?’ मी टूटूला विचारलं. टूटूने भोळेपणाने सांगितलं, डुकरासारख्या नाकाचा. मी आईच्या कानात सांगितलं. आई खालाकडे वळून शांतपणे म्हणाली, ‘रेघारेघांचा.’ आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या नावातला डुकराचा भाग, म्हणजे अगदी शेवटचा, खाला असताना उच्चारायचा नाही असं ठरलं. मासा मासाच होता आणि नाक त्याचं स्वतःचं होतं. खालाला काही वर्षांनी मीच सांगितलं. ती इतकी हसली की तिची दातांची कवळी हलली, आणि म्हणाली, तुझी आई वकील व्हायची राहिली.

या सगळ्यात बाबा कमी बोलू लागले होते, आणि कारण मासे नव्हते. रियाधला पुन्हा पुन्हा भोंगे वाजत होते आणि सुमनआत्याचा फोन लागत नव्हता. होस्टेलचा एकच नंबर, त्यावर सगळ्या सौदीतले भाऊ आणि नवरे. बाबा कामावरून आले की बूटही न काढता फोनशी बसायचे, तबकडी फिरवायचे, ऐकायचे, ठेवायचे. आई त्यांच्यासमोर चहा ठेवायची, तो निवायचा, ती दुसरा ठेवायची. तिकडे एकीचं काय झालं ते कळत नाही आणि इकडे दोघी ऐकत नाहीत, असं ते एकदा भिंतीकडे बघून बोलले. त्यांना काहीतरी एक हातात धरून सुरक्षित जागी ठेवायचं होतं, आणि हाताशी आम्हीच होतो.

म्हणून त्यांनी डाव टाकला. एके दिवशी ते टूटूच्या घरी गेले आणि तिच्या भिंतीवरच्या फडक्याची कलावस्तू म्हणून फार स्तुती केली. बराच वेळ जवळून पाहिलं. आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, बाबा एकटे मासळीबाजारात गेले. परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा मासा घेऊन, आणि तो त्यांनी ओट्यावर असा ठेवला जसा वकील पुरावा ठेवतो. निळसर अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत फूटपट्टीने आखल्यासारख्या बारीक रेघा, आणि शेपटीच्या मुळाशी नारिंगी म्यानात लपवलेली धारदार सुरी. असा मासा फडक्यावर नव्हता. मी फडक्यावरचा प्रत्येक मासा ओळखत होते, तेव्हा मला ते लगेच कळलं.

टूटूला बोलावलं. तिने चष्मा लावला, मासा उलटासुलटा केला, सुरीवरून अलगद बोट फिरवलं. म्हणाली, पालानी नावाचा एक आहे आमच्याकडे, त्याचा हा चुलतभाऊ दिसतो. पण हा आमच्या समुद्रात नाही. मी तिला विनवलं, काहीतरी नाव दे ना. ती म्हणाली, नाव असं देता येत नाही. तिच्या घरात मुलाचं नाव आजीच्या स्वप्नात यायचं, आणि आलं नाही तर सगळे थांबायचे. बाबांनी खिशातून पासपोर्ट काढून ओट्यावर माशाच्या शेजारी ठेवले. घरात त्या दिवशी दुसरा मासा नव्हता. आई माशाकडे बघत होती.

मग टूटूने सहज, खरंच नुसत्या कुतूहलाने विचारलं, ‘तुमच्यात नाव कोण ठेवतं?’

मी भाषांतर केलं. आई हळूहळू वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उगवलं ते मी पुढे रंगमंचावर कितीतरी नट्यांत शोधलं, कुणाला जमलं नाही.

‘आत्या,’ आई म्हणाली. ‘आमच्यात नाव आत्या ठेवते.’

बाबांना अजून कळलं नव्हतं. आईने त्यांना पायरीपायरीने समजावलं. याला या घरात कुणी आणलं, तुम्ही. म्हणजे हा तुमच्याकडून आलेला. मग याची आत्या कोण. तेव्हा वन्संना फोन लावा, त्यांनी नाव दिलं तर हा शिजेल. संध्याकाळपर्यंत लागला नाही तर मी शब्दाची पक्की आहे, उद्या तिकिटं काढा, मी आणि रंजू चिपळूणला जातो.

बाबांची त्यानंतरची दुपार मी कधी विसरणार नाही. फोन लागला नाही तर ते जिंकणार होते. आणि तो लागावा म्हणून इतका जीव तोडून तबकडी फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तोवर बाकीच्यांनी बारशाची तयारी केली, कारण नाव ठेवायचं तर रीतसर. खाला पेढे मिळेनात म्हणून खजूर घेऊन आली. टूटूने बोगनवेलीची माळ केली. आईने अॅल्युमिनियमच्या परातीत बर्फ पसरून त्यावर त्याला निजवलं, वर माळ घातली, आणि खालाने आणि टूटूने दोन बाजूंनी ती परात हळूहळू झुलवली, कारण पाळणा म्हटला की तो हलता हवा. बर्फ वितळून खालाच्या सलवारीवर गळत होता. ‘पोरगं ओलं करतंय गो,’ ती म्हणाली. आतल्या खोलीतून तबकडीचा आवाज येत होता, फिरते, परत येते, फिरते.

आणि मग तो थांबला, आणि बाबांचा आवाज आला. ‘सुमे?’

आम्ही सगळ्या परातीसकट आत धावलो. बाबा रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. सुमनआत्या पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होती की आम्हाला सगळं ऐकू येत होतं, दादा, मी बरी आहे, आम्ही तळघरात वॉर्ड हलवलाय, दादा, रडतोस काय. बाबांनी नाक ओढलं आणि जे पाठ करून ठेवलं होतं ते एका दमात बोलून टाकलं, ‘एक नाव सांग. बारसं आहे.’

पलीकडून लगेच, ‘वहिनीला? या वयात? आणि मला कुणी कळवलंपण नाही?’

‘माशाचं,’ बाबा म्हणाले.

आईने त्यांच्या हातातून रिसिव्हर घेतला. माशाचं तिने एका वाक्यात उरकलं आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, ‘वन्सं, तुम्हाला सुटी मिळते का? मिळत असेल तर आपण तिघी बरोबर जाऊ. मी तिकिटं आजच काढायला सांगते.’

आत्या म्हणाली, वहिनी, माझ्या वॉर्डात लहान मुलं आहेत, मी नाही येणार.

‘मग मीपण नाही जात,’ आई म्हणाली. ‘या मुलखात तुमचं एक माहेर आहे. ते बंद करून मी चिपळूणला काय करू?’

बाबा आईकडे बघत राहिले. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ते माशांशी भांडतायत. मला तर माशांखेरीज काही वाटलंच नव्हतं. आईने पदराने रिसिव्हर पुसला, का कोण जाणे, आणि म्हणाली, आता नाव सांगा लवकर, बर्फ वितळतोय.

आत्याने विचारलं, दिसतो कसा. आईने सांगितलं, निळी रेघारेघांची साडी नेसल्यासारखा. तोंड असं, की कुणाचं ऐकणार नाही. आणि शेपटीत सुरी लपवलेली. आत्याला विचार करायला काही वेळ लागला नाही.

‘वहिनी,’ ती म्हणाली. ‘वहिनीच ठेवा.’ आणि लाइन कापली गेली.

नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत रीतीने बसणारे धपाटे, ती तिकडे म्हणून, माझ्या पाठीत बसले. खालाने आणि टूटूने जरा जास्तच उत्साहाने मारले. खजूर वाटले गेले. मग सगळे स्वयंपाकघरात आलो, वहिनीला ओट्यावर ठेवलं, तवा तापला, आणि कुणी पुढे होईना. नाव नव्हतं तोवर अडचण एक होती, नाव आल्यावर ती दुसरीच झाली. ‘आता वयनीला तव्यावर घालायचं कुणी गो?’ खाला म्हणाली. बाबा म्हणाले, त्यांच्या हातून हे होणार नाही. टूटूला मी अर्थ सांगितला तेव्हा तिनेही हात मागे घेतला.

‘सरका सगळ्या,’ आई म्हणाली. ‘माझं मला चालतं.’ आणि तिने सुरी काढून टाकली, तुकड्या केल्या, तिखटमीठ चोळलं, रव्यात घोळवल्या आणि तव्यावर सोडल्या.

जेवायला बसलो. पहिला घास सगळ्यांनी घेतला. दुसऱ्याला टूटूने अतिशय सभ्यपणे सांगितलं की तो पालानी, ज्याचा हा चुलतभाऊ, त्याच्या अंगाला एक वास असतो म्हणून तिच्याकडे प्रसिद्ध आहे. खालाने तिची तुकडी भाताखाली सरकवली. मी पाणी प्यायले. बाबांनी मात्र आपली तुकडी काट्यापर्यंत साफ केली, ताट पुढे केलं आणि आणखी एक मागितली.

‘अहो, वास येतोय त्याला,’ आई म्हणाली. ‘राहू द्या.’

‘येऊ दे,’ बाबा म्हणाले. ‘आता सगळ्यांनी इथेच राहायचं ठरलंय, तर सवय केली पाहिजे.’